बाटलीतली सरासरी

४ जून, मंगळवार

छोट्या,

वर 'प्रिय' लिहायला विसरलेले नाही. हात होत नाही. तसाही उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, गळ्याशेजारच्या हाडात पट्टी घातली आहे आणि तिला आठ स्क्रू आहेत. पुढचे दोन दात गेले ते वेगळेच. 'स' म्हणायला गेले की शिट्टी वाजते आणि दवाखान्यात माझ्या खिडकीपलीकडे औषध घ्यायला उभे असलेले लोक तोंडावर हात धरतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून माणसं घरातलं घरात मिटवतात. माझे दात तर मला फरशीवरून वेचावे लागले.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते. रविवारची भरदुपार. मी तुझाच कामाचा शर्ट इस्त्री करत होते. मी एवढंच म्हणाले, "आधी जेव, मग गोळी घे." तू इस्त्री अशी हिसकावलीस की वायर भिंतीतून उपटून आली. पहिला फटका तोंडावर. मी पडले, तर दुसरा खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्याच कानात आतून ऐकू आला. मी खालून म्हणत होते, "अरे छोट्या, मी आहे, ताई." आणि तू माझ्याकडे असा बघत होतास जणू मीच तुला मारायला आले आहे. मग इस्त्री टाकून तू स्वतःचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटत राहिलास. शेजारणीला मी स्टुलावरून पडले असं सांगितलं.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तू कारखान्यात मिस्त्रींच्या तोंडावर काचेची पट्टी मारलीस. कापून उरलेली, हातभर लांब. एकदा नाही, तीनदा. ज्या माणसाने तुला काच कापायला शिकवलं, तुझं बोट धरून कटर फिरवायला लावला, त्याचा डावा डोळा गेला आणि मानेवर एकवीस टाके पडले. नंतर तू तिथल्याच काचांवर फिट येऊन पडलास. तुझ्या पाठीतून तुकडे काढायला त्यांना दोन तास लागले म्हणे. लागू देत.

तू बापावर गेलास. आईच्या कानातून रक्त यायचं तेव्हा आपण दोघं पलंगाखाली असायचो. तू म्हणायचास, "ताई, मी मोठा झालो की हात बांधून ठेवीन." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आपल्या बापाची मेल्यावरही गेली नाही, तुझ्यात येऊन बसली.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. तुझ्या भीतीच्या औषधात माझ्याकडून कसूर झालेली नाही. दर सोमवारी तुझी बाटली मी स्वतः भरत होते, रोजच्या पाच धरून पस्तीस गोळ्या, मोजून. कोणी विचारलं तर तूही हेच सांग.

मला भेटायचं नाही असं तू तुरुंगात सांगून ठेवलं आहेस, कळलं. मी तरी कुठे चपला घालून बसले होते?

ताई


१९ जून, बुधवार

छोट्या,

तुझ्या वकीलबाई काल दवाखान्यात आल्या. चणीने लहान आणि आवाजाने मोठ्या. रांग ओलांडून थेट खिडकीत डोकं घातलं त्यांनी. मागचा म्हातारा ओरडला, "ओ बाई, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?" त्या म्हणाल्या, "काका, मला गोळी नको, माणूस हवं आहे." मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना मागच्या खोलीत बसवलं, खोक्यांवर.

त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ गुन्हा कबूल करणार म्हणतोय. मारायच्याच इराद्याने मारलं असं म्हणतोय. बारा-पंधरा वर्षं जातील."

मी म्हणाले, "जाऊ देत."

"आणि औषध घेत नाही. तिथल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मोरीत टाकतो. पहिल्या आठवड्यात दोन फिट येऊन गेल्या. परवा शेजारच्या कैद्याचं नाक फोडलं, तो नुसता पाणी प्यायला उठला होता. मग लोखंडी दारावर डोकं आपटून घेतलं, चौदा टाके. असंच चाललं तर खटल्यापर्यंत टिकायचा नाही."

"का घेत नाही?"

वकीलबाईंनी वही उघडून तुझं वाक्य वाचून दाखवलं. 'माझ्या ताईने हाताने मोजून दिलेल्या गोळ्या वेळेवर घेऊनही मी हे केलं. म्हणजे भीती हा माझा रोग नाही. मी मुळातच असा आहे. मग गोळ्या कशाला?'

मी उठून एक खोकं उगाचच इकडचं तिकडे ठेवलं.

संध्याकाळी मिस्त्रींना भेटायला गेले. वाटलं होतं, त्यांची बायको मला दारातूनच हाकलेल, आणि तिने हाकललं असतं तर बरं झालं असतं. तिने खुर्ची दिली. मिस्त्रींचं अर्धं तोंड पट्टीत होतं. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाले, "पोरी, तो माझ्याकडे बघत होता पण त्याला मी दिसत नव्हतो. कोण दिसत होतं देव जाणे. सकाळपासून भिजल्यासारखा घामाने निथळत होता. मी म्हटलं, घरी जा. तर म्हणाला, मिस्त्री, सकाळपासून सहा घेतल्या, एकही लागेना, माझं काहीतरी संपलंय. मी बाटली बघायला हात पुढे केला आणि..." त्यांनी पट्टीवर हात ठेवला. त्यांची बायको म्हणाली, "गोळ्या जुन्या-बिन्या होत्या का हो? तुम्हाला ठाऊक असेल, तुम्ही त्यातल्याच."

चोराच्या मनात चांदणं. मी पाणीही न पिता निघाले.

छोट्या, तिथल्या गोळ्या घे. मी सांगते म्हणून घे. कारण विचारू नकोस.

ताई


२७ जून, गुरुवार

छोट्या,

वकीलबाई म्हणतात, तू अजून गोळ्यांना हात लावत नाहीस. तेव्हा कारण सांगणं भाग आहे. हे पत्र तुझ्याआधी तिथला साहेब उघडून वाचणार, हे ठाऊक असून लिहिते. साहेब, तुम्हीही नीट वाचा.

अडीच वर्षांपूर्वी तुमच्या कारखान्यात पुरुषभर उंचीची काच मांडणीवरून सुटली आणि पॉलिशवाल्याच्या मांडीत शिरली. तू ती मांडी दोन्ही मुठींनी दाबून बसला होतास आणि तो तुझ्या मांडीवर गेला. महिन्याभराने तुला लिफ्टमध्ये छातीत धडधड झाली, घशाला कोणीतरी दोरी आवळतंय असं झालं. मग बसमध्ये. मग न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी तशीच ठेवून पळालास, मी हसले होते. डॉक्टरांनी भीतीची गोळी दिली, अर्धी, फक्त दोन आठवडे, आणि सोबत बोलून उपचार करणाऱ्या बाईंकडे जायला सांगितलं. त्या बाईंकडे तू दोनदा गेलास. गोळी मात्र लागू पडली. तू पुन्हा हसायला लागलास, आणि मला ते हसणं हवं होतं. दोन आठवडे संपल्यावर चिठ्ठी नसताना मी डब्यातून देत राहिले. हजार गोळ्यांच्या डब्यातून कोणाला काय कळतं? अर्धीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. डॉक्टरांना तू कधी भेटलाच नाहीस, कारण तुझी डॉक्टर घरात होती. सवय तुला लागली, पण लावली मी.

मग तू गोळीवर दारू घ्यायला लागलास. जेवताना मान ताटात पडायची. मला भीती वाटली की एक दिवस तू झोपेतच श्वास घ्यायचा विसरशील. मी म्हणाले, कमी कर. तू म्हणालास, बघतो. असं तू चारदा म्हणालास.

म्हणून मी तुला न सांगता कमी करायला घेतल्या.

एकदम तोडली तर फिट येते, माणूस बिथरतो, हे मला ठाऊक होतं. पंधरा वर्षं औषधाच्या खिडकीत काढली आहेत. म्हणून मी हळूहळू करायचं ठरवलं, मोठ्या शहाणपणाने. पोटातल्या वायूची एक साधी गोळी येते. तीही पांढरी, गोल, मधोमध रेघ, तेवढीच. पहिल्या सोमवारी पस्तिसांत नऊ खोट्या मिसळल्या. दुसऱ्या सोमवारी अठरा. ताटलीत सुरीने पाच-पाच ओढून मोजल्या, हलवून एक केल्या, बाटलीत भरल्या. म्हटलं, रोज एखादी खोटी, मग दोन-अडीच, अंगाला कळणारही नाही.

हिशोब बाटलीचा बरोबर होता. पण बाटलीतून गोळी काढणारा सरासरी काढत नाही, वरची काढतो. खोट्या गोळ्या किंचित हलक्या होत्या. बाटली दिवसभर तुझ्या खिशात हलायची आणि हलक्या गोळ्या वर यायच्या. एक दिवस पाचही खोट्या, दुसऱ्या दिवशी पाचही खऱ्या. त्यात न लागलेल्या दिवशी तू आणखी तीन घ्यायचास, मग दारू. मी तुला जिन्यावरून हळूहळू उतरवते आहे असं मला वाटत होतं आणि मी तुला रोज वरून ढकलत होते, पुन्हा वर नेत होते आणि पुन्हा ढकलत होते. हे मला कारखान्याचा प्रकार झाल्यावर कळलं. तसलीच रिकामी बाटली घेतली, गोळ्या घालून हलवून पाहिल्या, मग कळलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दुसऱ्या आठवड्यात तू ताटं फोडलीस. त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी, इस्त्री. तिसऱ्या आठवड्यालाही मी त्याच पद्धतीने बाटली भरली, खोट्या थोड्या वाढवून.

तेव्हा, गोळ्या घेऊनही तू असा वागलास, हे खरं नाही. तू गोळ्या घेतच नव्हतास. आता घे.

ताई


९ जुलै, मंगळवार

छोट्या,

तू घ्यायला लागलास. वकीलबाईंनी फोनवर सांगितलं आणि मी औषधांच्या मांडणीला टेकून रडले. एका बाईला खोकल्याच्या औषधाऐवजी मलम देऊन बसले. तिने परत आणून दिलं म्हणून बरं.

कबुलीही तू मागे घेतलीस म्हणे. एवढ्यावर मी थांबले असते तर चाललं असतं, सगळे तसंच म्हणत आहेत. आमच्या दवाखान्याच्या मोठ्या मॅडमनी तर दार लावून समजावलं. "चूक झाली म्हण. डबे शेजारी-शेजारी होते, नजरचुकीने मिसळल्या म्हण. चुकीला माफी असते गं. तुझा परवाना वाचेल आणि भावाचंही काम होईल. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

मी घरी येऊन ते वाक्य पाठ केलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. शिट्टी वाजली.

मागच्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं आहे. तिसऱ्या आठवड्याचं.

सोमवारी मी आमच्याच दवाखान्याच्या वॉर्डात होते, हात गळ्यात बांधलेला, तोंड सुजून एवढं झालेलं. तू दुपारी येणार हे ठाऊक होतं. सकाळी नर्सची नजर चुकवून मी जिना उतरून खाली औषधाच्या खोलीत गेले. डाव्या हाताने मोजायला वेळ लागला. पस्तीस मोजल्या. पस्तिसाच्या पस्तीस खोट्या.

त्यात कसला हिशोब नव्हता, काळजी तर अजिबात नव्हती. मला तुला मारायचं होतं. हातात इस्त्री धरता येत नव्हती, म्हणून मी बाटली घेतली. मला ठाऊक होतं काय होणार. कोणत्या दिवशी घाम फुटेल, कोणत्या दिवशी हात थरथरतील, कोणत्या दिवशी भिंती अंगावर येतील, हे मी लोकांना खिडकीतून रोज समजावून सांगते. मनात म्हणत होते, जिथे जाशील तिथे पड आणि तडफड. मिस्त्री माझ्या डोक्यातही नव्हते. तू घरात पडशील, मला लागलं तेवढं तुला लागेल, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी तू आलास. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलास, मग माझ्या पायांवर डोकं ठेवून रडलास. तुझे अश्रू चादरीतून मला लागत होते. म्हणालास, "ताई, मी बापासारखा झालो का गं? जास्त गोळ्या दे, नाहीतर मला कुठेतरी बांधून ठेव." मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाटली दिली. परत मागून घेता आली असती. तू दारापर्यंत जाऊन दोनदा वळून बघितलंस, दोन्ही वेळा मागता आली असती. मी नुसती मान हलवली, जा म्हणून.

आज पोलिसांना जबाब दिला. साहेबाने विचारलं, "चुकून झालं?" मी म्हणाले, "पहिले दोन आठवडे शहाणपणाने झालं आणि तिसऱ्या आठवड्यात रागाने. चुकून काहीच झालं नाही." त्याने पेन खाली ठेवलं आणि मला पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. परवाना आजपासून बंद. माझ्यावरही खटला उभा राहील. मिस्त्रींकडे जाऊन त्यांनाही सांगितलं. या वेळी त्यांच्या बायकोने खुर्ची दिली नाही.

बाप आईला मारून झाल्यावर चहा करून द्यायचा. मी कोणावर गेले, ते आता तू ठरव.

ताई


३० ऑगस्ट, शुक्रवार

छोट्या,

अखेर काल तू भेटीला बोलावलंस. वकीलबाई म्हणाल्या, "फार बोलू नका, खटल्याचं चांगलं चाललंय. इरादा नव्हता हे कोर्टाला पटायला लागलंय. मिस्त्रींनीही बाजूने साक्ष दिली आहे." मी मान डोलावली आणि आत आले.

तू भरला आहेस अंगाने. हात टेबलावर ठेवले होतेस, थरथर नव्हती. म्हणालास, तिथले डॉक्टर पंधरा दिवसांनी थोडी-थोडी कमी करतात, पाकिटातून समोर काढून दाखवतात, आणि बोलून उपचार करणाऱ्या बाईही येतात. भीती अजून येते, पण आता तू तिला येऊ देतोस, ती बसते आणि जाते. एवढं सगळं तू मला हवापाण्यासारखं सांगितलंस. मग खिशातून माझं जुलैचं पत्र काढलंस. घड्यांवर फाटलं होतं.

"हे खरं आहे?"

"हो."

"रडत होतो तेव्हा भरलीस?"

"नाही. आधीच भरून ठेवली होती. रडत होतास तेव्हा दिली."

तू उठलास. सावकाश उठलास, खुर्ची मागे सारलीस, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आलास आणि माझ्या कानशिलात मारलीस. मी खुर्चीसकट पडले, ओठ फुटला. शिपायाने धावत येऊन तुझ्या पाठीत दोन काठ्या घातल्या. हात मागे बांधून उभा राहिलास आणि म्हणालास, "मी मारली. शुद्धीत मारली. लिहून घ्या."

वकीलबाई दारातून ओरडल्या, "काही लिहू नका हो, बाई पडल्या, घसरल्या!" त्यांचंही बरोबर होतं. गोळ्या घेऊनही हा हात उचलतो, असं एकदा कागदावर आलं की दोन महिन्यांचं सगळं पाण्यात. शिपाई माझ्याकडे बघायला लागला. "ताई, तुम्ही सांगा. घसरलात की मारलं?"

मी जमिनीवरूनच म्हणाले, "मारलं. लिहा. पण का मारलं तेही लिहा."

"कारण काय लिहू?"

"त्याच्या हातातला कागद जोडा."

तू तो कागद शिपायाला दिलास. देण्याआधी फाटलेल्या घड्या नीट जुळवल्यास, ते मी पाहिलं.

वकीलबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या, वही पिशवीत कोंबली. मग म्हणाल्या, "तुमच्या घरात खोटं बोलणारं एक तरी माणूस शिल्लक ठेवायचं होतं." आता काय होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. तुझी दोन वर्षं वाढतील, कदाचित जास्त. मला माहीत आहे. मी घसरले म्हणाले असते तर ती दोन वर्षं वाचली असती, हेही माहीत आहे. पण अडीच वर्षं मी तुझ्या अंगात काय जायचं ते ठरवलं, शेवटी तर तुझ्या नकळत. काल तू काहीतरी स्वतः केलंस आणि स्वतः कबूल केलंस. तेही बदलून दुसरंच काही नोंदवायला मी पुन्हा बसणार नव्हते.

गाल अजून दुखतो आहे. आई गेल्यापासून मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं, आणि इतकं एकटंही नाही. घरात तुझा आवाज नसला की मी रेडिओ लावते आणि त्याच्याशी भांडते.

निघताना तू वळून पाहिलं नाहीस. मी दार बंद होईपर्यंत उभी होते. पुढची भेट तू मागितलीस तरच मिळेल, तिथला नियमच तसा आहे. मी अर्ज करू शकत नाही, तूच करायचा असतो.

मारायला का होईना, पण बोलाव.

ताई